दहा तासांचे घड्याळ : ‘मेट्रोपोलिस’ कसा पाहावा

१० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट पहिल्यांदा दाखवला गेला. दिग्दर्शक होता फ्रिट्झ लांग, पटकथा त्याची पत्नी थेआ फॉन हार्बू हिने लिहिली होती आणि निर्मिती ‘उफा’ या त्या काळच्या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या चित्रसंस्थेची होती. आपल्याकडे या चित्रपटाची ओळख बहुधा एका छायाचित्रापुरती असते : चकाकत्या धातूची, स्त्रीच्या आकाराची यंत्रमूर्ती. पुढे अनेक विज्ञानपटांतल्या यंत्रमानवांना तिने रूप दिले, त्यामुळे तिची कीर्ती रास्त आहे. पण सोलापूरच्या वाचकाने हा चित्रपट त्या मूर्तीपासून नव्हे, तर त्यातल्या घड्याळापासून समजून घ्यायला सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते. कारण त्या घड्याळाचा अर्थ समजायला आपल्याला फार दूर जावे लागत नाही.

सोलापुरात कापडगिरणी आली ती १८७७ साली. जिला सारे शहर ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखते ती हीच. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला. भोंगा झाला की चुली पेटायच्या, डबे भरले जायचे, माणसे फाटकाकडे निघायची. ज्यांचा गिरणीशी काडीचा संबंध नव्हता तेही भोंग्यावरून वेळ सांगायचे. गिरण्या बंद पडल्या, तरी ‘पाळी’ हा शब्द यंत्रमागाच्या कारखान्यांत आजही तसाच जिवंत आहे. ‘मेट्रोपोलिस’ सुरू होतो तो नेमका अशा भोंग्यावर आणि पाळी बदलण्यावर.

कथा थोडक्यात अशी. भविष्यातल्या एका महानगरात वर मालकवर्ग राहतो. उंच इमारती, बागा, क्रीडांगणे, रात्रीची नाचगाणी हे त्याचे जग. जमिनीखाली यंत्रघरे आहेत आणि त्यांच्याही खाली कामगारांची वस्ती. नगराचा सर्वेसर्वा योह फ्रेडरसन. त्याचा मुलगा फ्रेडर खाली उतरतो, यंत्राच्या स्फोटात माणसे होरपळताना पाहतो आणि हादरून जातो. कामगारांना धीर देणारी मारिया नावाची तरुणी तळघरांतल्या जुन्या भुयारांत सभा घेते. ही सभा मोडावी म्हणून फ्रेडरसन रोटवांग नावाच्या शास्त्रज्ञाकडे जातो आणि त्याने बनवलेल्या यंत्रस्त्रीला मारियाचा चेहरा द्यायला सांगतो. खोटी मारिया कामगारांना चिथावते, ते यंत्रे फोडतात, यंत्रे बंद पडताच पाणी चढते आणि त्यांचीच वस्ती बुडू लागते. पोरे तिथेच राहिलेली असतात. त्यांना वाचवले जाते, आणि शेवटी चर्चच्या दारात मालक आणि कामगार यांचे हात जुळवले जातात.

आता घड्याळाकडे वळू. चित्रपटात दोन घड्याळे दिसतात : एक नेहमीचे, चोवीस तासांचे, दुसऱ्यावर फक्त दहा आकडे. दहा तासांची पाळी संपली की दुसऱ्या घड्याळाचा फेरा पूर्ण होतो आणि लगेच नवा सुरू होतो. हा आकडा हवेतून आलेला नव्हता. जर्मनीत १९१८ च्या क्रांतीनंतर आठ तासांचा दिवस कायद्याने मान्य झाला होता, आणि डिसेंबर १९२३ मधल्या एका आदेशाने तो दहा तासांपर्यंत वाढवायला वाट करून दिली. त्या वर्षीच्या भयंकर चलनवाढीने लोकांची बचत मातीमोल झाली होती. त्यावर हे आले. बर्लिनच्या प्रेक्षकाने पडद्यावर ते दहा आकडे पाहिले तेव्हा त्याला ते भविष्य वाटले नसणार, कालपरवाची गोष्ट वाटली असणार.

आणि आपल्याकडे? १९२२ साली सुधारलेल्या भारतीय कारखाना कायद्याने प्रौढ कामगारासाठी दिवसाला अकरा आणि आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली होती. ती खाली येऊन दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न व्हायला १९३४ चा कायदा यावा लागला. नऊ आणि अठ्ठेचाळीस तर १९४६ मध्ये झाले. म्हणजे बर्लिनच्या चित्रगृहात दहा तासांची पाळी ही अमानुष भविष्याची खूण म्हणून दाखवली जात होती, तेव्हा सोलापूरच्या गिरणीत अकरा तास काम घेणे कायद्याला धरून होते. ही एक गोष्ट लक्षात ठेवून चित्रपट पाहिला, तर ‘कल्पनारम्य’ हे विशेषण त्याला सहजासहजी लावता येत नाही.

या घड्याळाचे सर्वांत जिवंत रूप एका प्रसंगात येते. ११८११ हा क्रमांक असलेला एक कामगार (त्याचे नाव गेओर्गी, पण टोपीवर असतो तो क्रमांकच) एका प्रचंड तबकडीपुढे उभा आहे. तबकडीच्या कडेने दिवे लावलेले आहेत. जो दिवा पेटेल त्याच्याकडे यंत्राचा काटा दोन्ही हातांनी ओढून न्यायचा, तेवढ्यात दुसरीकडचा दिवा पेटतो, मग तिकडे. तो कोसळतो. फ्रेडर त्याला सावरतो, त्याचे कपडे स्वतः घालतो आणि त्याच्या जागी उभा राहतो. काही तासांनी त्याच्या थकलेल्या डोळ्यांपुढे ती तबकडी विरघळून घड्याळाची होते आणि तो आपल्या देहाचा सारा भार टाकून काटा पुढे ढकलू पाहतो, हात दोन्ही बाजूंना ताणलेले, वधस्तंभावर चढवल्यासारखे. दहा तास कधी संपणारच नाहीत का, असे तो बापाला उद्देशून ओरडतो. मूकपट असल्याने ते वाक्य आपण अक्षरांत वाचतो, पण त्याआधीच त्याच्या खांद्यांवरून ते कळलेले असते.

इथे एक गोष्ट सहज निसटते. हे यंत्र काय तयार करते? चित्रपट ते कधीच दाखवत नाही. कापड नाही, लोखंड नाही, काहीच बाहेर येत नाही. सोलापुरातल्या यंत्रमागावर उभा असलेला माणूस कितीही दमला तरी पाळीच्या शेवटी चादर किंवा टॉवेल किती निघाले ते डोळ्यांनी पाहू शकतो. लांगच्या कामगाराला तेवढाही दिलासा नाही. वस्तू काढून टाकली की उरतो फक्त वेळ आणि वेळेला जुंपलेला देह. ही उणीव नव्हे, ही लांगची निवड आहे असे मी मानतो, आणि माझ्या मते या चित्रपटातला सर्वांत खोल विचार तोच आहे.

हाच विचार पाळी बदलण्याच्या दृश्यात चालीतून सांगितला आहे. दोन रांगा समोरासमोरून जातात, एक आत, एक बाहेर. दोन्हींतल्या माना खाली, पोशाख एकसारखा. पण बाहेर येणाऱ्या रांगेची पावले आत जाणाऱ्या रांगेपेक्षा स्पष्टपणे संथ आहेत. एकही अक्षर न दाखवता दहा तासांत माणसातून काय वजा झाले ते पावलांच्या या फरकातून कळते. नट एकेकटा अभिनय करत नाही. घोळका मिळून करतो, आणि त्या घोळक्याच्या चौकोनी, त्रिकोणी आकृत्या इमारतींच्या आकृत्यांशी मिळत्याजुळत्या ठेवलेल्या आहेत. माणूसच वास्तूचा भाग होऊन गेला आहे हे सांगायला याहून स्पष्ट रीत सापडणे अवघड आहे.

आता हे सारे पडद्यावर आले कसे, हे पाहणे आवश्यक आहे, कारण यातले तंत्र समजले की अर्थही अधिक उघडतो. संगणक नव्हता, निळा किंवा हिरवा पडदा नव्हता. होती ती आरसा, काच, लाकूड, रंग आणि चिकाटी. सर्वांत प्रसिद्ध युक्ती ऑयगेन श्युफ्टान या तंत्रज्ञाची. समजा, आभाळाला भिडलेल्या इमारतीच्या पायथ्याशी माणसे चालताना दाखवायची आहेत. तेवढी इमारत बांधणे परवडणारे नाही. छोटी प्रतिकृती बांधता येते, पण तिच्यात माणूस मावत नाही. श्युफ्टानने कॅमेऱ्यासमोर पंचेचाळीस अंशांत एक आरसा उभा केला. बाजूला ठेवलेल्या प्रतिकृतीचे प्रतिबिंब त्या आरशातून कॅमेऱ्यात जाई. मग आरशाच्या ज्या भागात माणसे दिसायला हवीत, तेवढ्याच भागाचा पारा खरवडून काढला जाई. त्या मोकळ्या काचेतून, बऱ्याच अंतरावर उभी असलेली खरी माणसे कॅमेऱ्याला दिसत. अंतर असे मोजलेले की ती प्रतिकृतीच्या मापात चपखल बसावीत. चादरींच्या दुकानाच्या काचेसमोर उभे राहिल्यावर आतल्या चादरी आणि पाठीमागचा रस्ता एकाच वेळी दिसतो, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की कुठे काय दिसावे हे इथे बोटभर अंतरापर्यंत ठरवलेले असे. दोन्ही चित्रे एकाच वेळी एकाच फिल्मवर उतरत असल्याने नंतर जोडकाम करावे लागत नसे. ही रीत पुढे कित्येक वर्षे जगभर वापरली गेली.

वरच्या नगरातले गजबजलेले रस्ते मात्र वेगळ्या रीतीने चित्रित झाले. कलादिग्दर्शक एरिश केटेलहूट आणि त्याच्या साथीदारांनी मोटारींच्या शेकडो छोट्या प्रतिकृती केल्या, त्या हाताने किंचित पुढे सरकवायच्या, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायच्या. पडद्यावरच्या काही सेकंदांसाठी दिवसचे दिवस लागत. यंत्रस्त्रीला मारियाचे रूप देतानाच्या प्रसंगात तिच्याभोवती वर-खाली फिरणारी प्रकाशाची कडी दिसतात. तिथे छायाचित्रकार ग्युंटर रिटाउने काळ्या मखमलीच्या पार्श्वभूमीवर एक चंदेरी गोळा वेगाने फिरवून त्याचे चित्रण केले आणि तीच फिल्म पुन्हा पुन्हा गुंडाळून एकावर एक थर चढवले. एखादा थर चुकला तर आधीचे सारे काम वाया जाणार होते.

यंत्रस्त्रीचा पोशाख धातूचा नव्हता, हे अनेकांना आश्चर्याचे वाटते. शिल्पकार वाल्टर शुल्त्से-मिटेनडॉर्फने ब्रिगिटे हेल्म या नटीच्या देहाचा साचा घेतला आणि लाकडाच्या लगद्यासारख्या, हवेत कडक होणाऱ्या पदार्थातून कवच घडवून त्यावर चंदेरी रंगाचा फवारा मारला. हेल्म तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती आणि हा तिचा पहिलाच चित्रपट होता. कवच टोचे, कापे, श्वास कोंडे. खरी मारिया, खोटी मारिया आणि कवचातले यंत्र या तिन्ही भूमिका तिच्याच आहेत. खरी मारिया सरळ, शांत उभी राहते. खोटीची मान तिरकी झटकली जाते, एक डोळा किंचित मिटतो, हातांत विळखा असतो. रंगभूषा जवळपास तीच ठेवून फक्त देहबोलीतून माणूस आणि यंत्र वेगळे दाखवणे हा या चित्रपटातला सर्वांत मोठा ‘विशेष परिणाम’ आहे, आणि तो कोणत्याही आरशातून आलेला नाही.

चित्रीकरण मे १९२५ ते ऑक्टोबर १९२६ असे सुमारे सतरा महिने चालले. ठरलेला खर्च पंधरा लाख मार्कांचा होता, झालेला पन्नास लाखांच्या वर गेला आणि ‘उफा’ दिवाळखोरीच्या काठावर आली. बायबलमधल्या बाबेलच्या मनोऱ्याच्या प्रसंगासाठी शेकडो बेरोजगार माणसांची डोकी भादरून त्यांना उन्हात दगड ओढायला लावले. पुराच्या प्रसंगासाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतली शेकडो मुले आणली आणि ती दिवसेंदिवस गार पाण्यात उभी राहिली. बाबेलच्या प्रसंगात मारिया जी गोष्ट सांगते तिचे सार असे की, मनोऱ्याची कल्पना ज्यांनी केली ते आणि तो ज्यांनी बांधला ते एकमेकांना ओळखत नव्हते. एकाच्या स्तोत्राचा दुसऱ्याला शाप झाला. ही गोष्ट पडद्यावर आणताना दिग्दर्शकाने स्वतः तेच केले, असे म्हणावेसे वाटते. मी हे दोष काढायला लिहीत नाही. पण ज्या दृश्यांनी आपण भारावतो ती कोणाच्या अंगमेहनतीवर उभी आहेत, हा प्रश्न हा चित्रपटच आपल्याला विचारायला शिकवतो, तेव्हा तो त्यालाही विचारावा लागतो.

कथेच्या सुरुवातीला आणि शेवटी एक वाक्य येते : डोके आणि हात यांच्यातला मध्यस्थ हृदय असला पाहिजे. डोके म्हणजे योजना करणारा मालक, हात म्हणजे कामगार. या वाक्यावर गेली जवळजवळ शंभर वर्षे वाद चालू आहे. खुद्द लांगने नंतर सांगितले की ही परीकथा आहे, असा प्रश्न हृदयाच्या मध्यस्थीने सुटत नसतो. उतारवयात मात्र, तरुण पिढीला यंत्रवत जगण्यात हृदयाचीच उणीव जाणवते हे पाहून, आपण चुकलो की काय असेही त्याला वाटू लागले.

माझे मत असे की वाक्यापेक्षा शेवटचे दृश्य नीट पाहावे. चर्चच्या दारात मालकाशी हात मिळवतो तो ग्रोट, म्हणजे यंत्रावरचा मुख्य मुकादम. गिरणीच्या भाषेत जॉबर. कामावर कोणाला भरायचे, बदलीवर कोणाला घ्यायचे, कोणाला घरी पाठवायचे हे ज्याच्या हातात, तो जॉबर म्हणजे समस्त कामगार नव्हेत, हे गिरणगावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ११८११ त्या पायऱ्यांवर दिसत नाही. आणि कामगार पायऱ्यांकडे येतात ते पुन्हा रांगा धरून, त्रिकोणी रचनेत, जवळजवळ पहिल्या दृश्यातल्यासारखेच. चित्रपटाचे शब्द समेट झाला म्हणतात. चित्रपटाची चित्रे म्हणतात की रचना बदललेली नाही. मी चित्रांवर विश्वास ठेवतो.

इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९२७ मध्येच या चित्रपटावर झोड उठवली. त्यांचा मुद्दा असा होता की यंत्रे वाढली की कष्टाची हमाली कमी होते, म्हणून इतक्या यांत्रिक नगरात गुलामांसारखे राबणारे कामगार असणे हे तर्काला धरून नाही. हा मुद्दा वजनदार आहे. पण पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, मुंबईच्या गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्याचे एक प्रमुख कारण होते मालकांनी एका विणकरावर दोनऐवजी तीन साचे (म्हणजे माग) सोपवण्याचा धरलेला आग्रह. यंत्र सुधारले, त्याने वाचलेला वेळ कामगाराच्या वाट्याला आला नाही, त्यावर आणखी एक साचा आला. यंत्राने वाचवलेल्या वेळेची मालकी कोणाकडे जाते हा प्रश्न वेल्स यांच्या तर्कात नव्हता. तो लांगच्या घड्याळात आहे.

पटकथाकार थेआ फॉन हार्बू हिच्याविषयी मराठी वाचकाला थोडे सांगायलाच हवे. लांगपासून विभक्त झाल्यावर १९३० च्या दशकात तिने बेळगाव भागातल्या अयी गणपत तेंडुलकर या जर्मनीत राहणाऱ्या पत्रकाराशी गुपचूप विवाह केला होता. लांग १९३३ मध्ये जर्मनी सोडून गेला. ती मात्र तिथेच राहिली, नाझी पक्षाची सदस्य झाली आणि त्या राजवटीत चित्रपट लिहीत राहिली. हृदयाच्या मध्यस्थीचे वाक्य जिने लिहिले तिच्या आयुष्यातली ही विसंगती मला नेहमीच अस्वस्थ करते, आणि त्या वाक्याचा उपयोग सत्तेलाही किती सोयीचा होता हेही तिच्यामुळे समजते.

आपण आज जो चित्रपट पाहतो तो त्या पहिल्या दिवशी दाखवलेला नाही. पहिली आवृत्ती सुमारे अडीच तासांची होती. अमेरिकी कंपन्यांनी ‘उफा’ला कर्ज दिले होते आणि चित्रपट त्यांच्या वितरणात होता, त्यांनी तो कापला, कथाही फिरवली, आणि जर्मनीतही लवकरच कापलेली प्रत चालू लागली. सुमारे एक चतुर्थांश भाग गेला. यंत्रे, इमारती, पूर हे सगळे राहिले. गेली ती मुख्यतः माणसे. रोटवांगचे हेल नावाच्या स्त्रीवर प्रेम होते, तिने फ्रेडरसनशी लग्न केले आणि फ्रेडरला जन्म देताना ती वारली. तिच्या वियोगात रोटवांगने यंत्रस्त्री घडवायला घेतली आणि त्यासाठी आपला उजवा हातही गमावला. हा धागा कापल्यावर तो केवळ एक वेडा शास्त्रज्ञ उरला. यंत्र घडवण्यामागे लोभ नव्हता, शोक होता, हेच प्रेक्षकांना कित्येक दशके कळले नाही. ११८११ चे काय झाले, फ्रेडरचे कपडे घालून तो वरच्या नगरात कुठे गेला, हेही असेच गाळले गेले.

२००१ मध्ये उपलब्ध प्रतींवरून झालेल्या पुनर्बांधणीनंतर युनेस्कोने ‘मेट्रोपोलिस’ला जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत घेतले, या यादीत आलेला हा पहिला कथापट. मग २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात एक १६ मिलिमीटरची प्रत मिळाली. १९२८ साली एका वितरकाने न कापलेला चित्रपट अर्जेंटिनाला नेला होता, आणि त्या जीर्ण प्रतीवरून पुढे कधीतरी ही छोट्या मापाची नक्कल काढून ठेवली होती. मूळ प्रतीवरचे सगळे ओरखडे तिच्यात जसेच्या तसे छापले गेले होते. १२ फेब्रुवारी २०१० रोजी सुमारे पंचवीस मिनिटांची भर पडलेली आवृत्ती गॉटफ्रीड हुपर्ट्झच्या मूळ संगीतासह पुन्हा बर्लिनमध्ये दाखवली गेली.

घरी पाहायची असेल तर हीच २०१० ची आवृत्ती मिळवावी. सापडलेला भाग ओळखायला कोणत्याही जाणकाराची गरज लागत नाही : चित्र किंचित लहान होते आणि उभ्या रेघांचा पाऊस सुरू होतो. गेओर्गीची मोटारीतली वाट, फ्रेडरच्या मागावर असलेला हेर, पुरातल्या मुलांची अधिक लांब सुटका हे सारे त्या रेघांआडून दिसते. दोन प्रसंग मात्र अजूनही मिळालेले नाहीत, चर्चमधल्या साधूचे प्रवचन आणि रोटवांग व फ्रेडरसन यांची झटापट. त्या जागी काळ्या पडद्यावर काही ओळींत काय घडले ते लिहिलेले येते.